हॅम पुन्हा कोरडं होऊ नये म्हणून काय करू? ग्लेझही करपलं होतं

चमचाभर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण मागच्या वर्षी नेमकं काय चुकलं तेच मला अजून उलगडलेलं नाही. सुट्टीत आम्ही घरचे सगळे मिळून बारा जण जमतो आणि टेबलावर मधोमध ठेवायचं मोठं हॅम, म्हणजे डुकराची मुरवलेली मांडी, वरून ग्लेझ म्हणजे गोड पाकाचा थर लावून भाजलेलं, ते माझ्याकडे असतं. त्याआधीच्या वर्षी बरं झालं होतं म्हणून मागच्या वेळी मी निर्धास्त होते. साडेचार किलोचं, हाडासकट, पाकिटातलं. ओव्हन १८० ला, वर काही झाकलं नाही, ग्लेझ साधारण अर्ध्या वाटेवर लावलं. अडीच तासांनी बाहेर काढून पहिला काप केला तर आत छान गुलाबी, मग मोठ्या दिरांनी बघितलं आणि म्हणाले अगं हे तर कच्चं आहे, पोर्क असं खायचं नसतं. मी घाबरले, लहान मुलं होती जेवायला, तर परत तासभर आत ठेवलं. बाहेर आलं तेव्हा वरचं ग्लेझ काळं आणि कडू, आतलं मांस दोरे निघावेत तसं सुटं आणि कोरडं, आणि गंमत म्हणजे रंग गुलाबीच! सासूबाईंनी काही न बोलता ताटातलं सगळं संपवलं, ते मला जास्त लागलं.

या वर्षी पुन्हा मीच करणार आहे, तेवढ्याच वजनाचं आणलंय, सध्या फ्रीजरमध्ये आहे. जेवण या वेळी दिरांकडे आहे, गाडीने तास-सव्वा तास लागतो. किती डिग्री, किती वेळ, ग्लेझ कधी लावायचं, आणि शिजलंय हे ओळखायचं कसं? घरून भाजून नेऊ की तिथे जाऊन भाजू? कोणी नीट केलेलं असेल त्यांनी प्लीज सांगा.

मंदआच

ताई, आधी एक काम करा, पाकीट बाहेर काढून त्यावर काय लिहिलंय ते वाचा. "फुली कुक्ड" किंवा "रेडी टू ईट" असं असेल तर ते हॅम कारखान्यातच शिजवून झालेलं आहे, तुम्ही ते शिजवत नाही आहात, फक्त गरम करताय. मला वाटतं तुमचं सगळं दुखणं इथेच आहे. शिजलेलं मांस साडेतीन तास उघडं १८० वर ठेवलं तर त्यातलं पाणी जाणारच, दुसरं काही होऊच शकत नाही. "कुक बिफोर ईटिंग" असं लिहिलेलं असेल तर ते कच्चं, त्याचं गणित वेगळं. आणि नुसतं "स्मोक्ड" लिहिलंय म्हणून शिजलेलं असं धरू नका, धूर दिलेलं पण न शिजलेलं हॅमही मिळतं.

आता गुलाबी रंगाचं. हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मीठ आणि नायट्राइट लावून मुरवलेली. मांसाला लाल रंग देणारं जे मायोग्लोबिन असतं त्याला हे नायट्राइट धरतं आणि गरम केल्यावर त्याचा पक्का गुलाबी रंग तयार होतो, तो रंग शिजवून जात नाही. तुम्ही अजून दोन तास ठेवलं असतं तरी गुलाबीच राहिलं असतं. साधं न मुरवलेलं पोर्क शिजलं की पांढरट करडं होतं त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो, तुमच्या दिरांची काळजी मनापासूनचीच होती पण हॅमला ती खूण लागू नाही. कापावर कधी कधी हिरवट-जांभळी चमक दिसते, मोराच्या पिसासारखी, तीही नुसती उजेडामुळे दिसते, वास आणि स्पर्श ठीक असेल तर त्यावरून टाकून देऊ नका.

मग ओळखायचं कसं, तर थर्मामीटर. मांसात खुपसायचा साधा डिजिटल मिळतो तो घ्या, याला खरंच पर्याय नाही. सगळ्यात जाड भागात, मध्यापर्यंत, आणि टोक हाडाला टेकता कामा नये कारण हाडाजवळचा आकडा फसवा येतो. मूळ पाकिटातलं शिजलेलं हॅम आत ६० डिग्री सेल्सिअस झालं की झालं. कच्चं असेल तर ६३ आणि वर निदान तीन मिनिटं तसंच ठेवायचं. जुन्या पुस्तकांत ७१ दिसेल, यूएसडीएने, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याने, २०११ मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांसाठी तो आकडा ६३ वर आणला. पाकीट आधीच फोडून दुकानात सुटं विकलेलं किंवा आपलंच उरलेलं हॅम परत गरम करायचं असेल तर मात्र ७४.

ओव्हन १६५ ला, पंख्याचा असेल तर वीसेक डिग्री कमी. हॅमची कापलेली सपाट बाजू खाली, पॅनच्या तळाला दीड-दोन कप पाणी किंवा ॲपल ज्यूस, वरून फॉइल कडांना घट्ट दाबून. साडेचार किलोला पावणेतीन ते सव्वातीन तास लागतील पण घड्याळावर विश्वास नका ठेवू, हॅमचा आकार, फ्रीजमधून किती थंड निघालं, ओव्हन खरंच किती तापतो, सगळ्यावर अवलंबून असतं. सव्वादोन तासांपासून आकडा बघायला लागा.

गोडआंबट

मंदआच यांनी मूळ सांगितलंच आहे, मी ग्लेझचं सांगते कारण माझा जीव त्यात आहे 🙂 ग्लेझ म्हणजे साखर, आणि साखरेला जास्त वेळ ओव्हनमध्ये ठेवली की ती आधी सोनेरी, मग तपकिरी, मग काळी आणि कडू, आणि शेवटच्या दोन पायऱ्या इतक्या पटकन होतात की फोन घ्यायला गेलात तरी चुकतं. तुमचं अर्ध्या वाटेवर लावलेलं ग्लेझ अडीच तासांपर्यंत कसंबसं तगलं असेल पण वरच्या त्या एका तासाने त्याचा कोळसा केला. म्हणजे बघा ना, कोरडं होणं आणि करपणं या दोन वेगळ्या चुका नव्हत्याच, तो एक जास्तीचा तास होता.

ग्लेझ शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत, त्याच्या आधी अजिबात नाही. आतला आकडा ५० ते ५२ आला की हॅम बाहेर काढायचं, फॉइल काढायचं, आणि आता जे सांगते ते कोणी सांगत नाही: हॅमचा वरचा भाग किचन पेपरने टिपून कोरडा करायचा. फॉइलखाली ते वाफेवर असतं, वरून ओलं चिंब असतं, त्यावर कितीही छान ग्लेझ लावा ते घसरून खाली ट्रेमध्ये जातं आणि मग लोक म्हणतात ग्लेझ धरत नाही. टिपलं की धरतं.

माझं प्रमाण तुमच्या वजनाला: एक कप ब्राउन शुगर, पाव कप मध, दोन मोठे चमचे डिजॉन मोहरी (बाटलीत मिळणारी मोहरीची पेस्ट), दोन मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, पाव छोटा चमचा लवंगेची पूड, थोडी मिरपूड. मीठ नाही, बिलकुल नाही, हॅममध्ये ते भरपूर असतं. छोट्या पातेल्यात मंद गॅसवर पाच-सात मिनिटं, एकतारी पाकाच्या जरा अलीकडे थांबायचं, चमच्याच्या पाठीवर थर राहिला पाहिजे. गार झालं की ते आणखी दाटतं म्हणून आधीच फार आटवू नका. व्हिनेगर आणि मोहरी वगळू नका हं, खारट मांसावर नुसतं गोड लावलं की दोन घासांनंतर नको होतं, आंबट असलं की माणूस परत घेतो. मधाऐवजी संत्र्याचा मार्मालेडही सुंदर लागतो, त्याच्या सालीचा कडवटपणा हॅमला फार शोभतो.

ओव्हन २०० ला वाढवायचा, ग्लेझचा अर्धा भाग ब्रशने लावायचा, दहा मिनिटं, उरलेल्यातला बराचसा लावायचा, परत आठ-दहा मिनिटं. या वेळात ओव्हनसमोरून हलायचं नाही. आणि ट्रेला आतून फॉइल घाला, डबल, नाहीतर सांडलेली साखर घासताना हात दुखतात.

जुनी_पद्धत

मला वरचं सगळं पटतं पण एक विचारायचंय. आमच्याकडे मावशी दर अर्ध्या तासाने ओव्हन उघडून पॅनमधलं पाणी चमच्याने हॅमवर सोडायची, आणि तिचं हॅम कधीच कोरडं झालेलं मला आठवत नाही. मीही तसंच करते, झाकत नाही. फॉइल लावलं की वाफवल्यासारखं लागतं आणि ती भाजल्याची चव येत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. वर चरबीचा थर असतोच की राखायला?

मंदआच

मावशींचं हॅम चांगलं होत असणार यात शंका नाही, पण त्याचं श्रेय मला वाटतं चमच्याने सोडलेल्या पाण्याला नाही तर त्यांच्या अंदाजाला आहे, त्या वेळेवर बाहेर काढत असतील. वरून सोडलेलं पाणी मांसाच्या आत जात नाही, ते चरबीवरून ओघळून परत खाली येतं. आणि दर वेळी दार उघडलं की ओव्हन थंड होतो, म्हणजे एकूण वेळ वाढतो, म्हणजे उलट जास्त सुकतं. भाजल्याची चव म्हणाल तर ती शेवटच्या वीस मिनिटांत २०० वर येतेच ना, उघडं असतंच तेव्हा. चरबी वरच्या बाजूला राखते हे खरं आहे, पण कापलेली बाजू उघडी असते आणि तिथूनच सगळ्यात जास्त पाणी जातं, म्हणून ती खाली ठेवायची.

जुनी_पद्धत

हो, कापलेल्या बाजूचा मी विचारच केला नव्हता, मी ती समोर ठेवते दिसायला छान म्हणून. या वेळी झाकून बघते.

चमचाभर

वाचताना अक्षरशः हायसं वाटलं, वर्षभर मला वाटत होतं की हॅमच खराब होतं. पाकीट बघितलं. "फुली कुक्ड, बोन-इन" आहे आणि खाली बारीक अक्षरात "वॉटर ॲडेड" पण आहे, ते वाईट असतं का? थर्मामीटर आजच मागवला. अजून प्रश्न: फ्रीजरमधून कधी काढू, वरची जाड कातडी काढायची का, लवंगा खोचतात त्या नुसत्या दिसण्यासाठी असतात की चवीला, आणि घरून नेण्याचं कोणीच बोललं नाही. जेवणाला नणंदेचं दहा महिन्यांचं बाळ पण आहे, ते आता आमच्या ताटातलं थोडं थोडं चाखतं, त्याला हॅम चालेल का?

सुरी_पाट

चमचाभर ताई, एकेक घेतो.

वॉटर ॲडेड म्हणजे मुरवताना मांसात पाणी जास्त गेलंय, प्रोटीनचं प्रमाण त्यामानाने कमी. सगळ्यात वर नुसतं "हॅम" लिहिलेलं, मग "विथ नॅचरल ज्यूसेस", मग "वॉटर ॲडेड", असा उतरता क्रम. वाईट नाही, पण पॅनमध्ये पाणी जास्त सुटेल आणि चव जरा सौम्य असेल, त्यामुळे तळाला दोनऐवजी एकच कप ज्यूस घाला. पुढच्या वेळी घेताना बघून घ्या.

फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, खोलगट ट्रेमध्ये ठेवून वितळवायचं, दोन-सव्वादोन किलोला एक दिवस असा हिशोब, म्हणजे तुम्हाला दोन दिवस पूर्ण आणि वर थोडं, मी तीन दिवस आधी काढेन. ओट्यावर ठेवून वितळवू नका, आतला गोळा बर्फ असतो तोवर बाहेरचा भाग कधीचा गरम होऊन बसलेला असतो. अर्धवट गोठलेलं ओव्हनमध्ये गेलं तर चालतं तसं, पण वेळ दीडपट लागू शकतो आणि मग सगळं वेळापत्रक कोलमडतं.

पाकीट उघडल्यावर हाडाच्या टोकावर एखादी पारदर्शक प्लॅस्टिकची चकती आहे का बघा. हाड टोचून पाकीट फाटू नये म्हणून लावतात, रंगहीन असते आणि सहज नजरेतून सुटते. ती आणि जाळी असेल तर तीही, दोन्ही आधी काढायची. माझ्या बहिणीने एकदा चकतीसकट भाजलं आणि सगळं टाकून द्यावं लागलं, म्हणून आवर्जून सांगतोय.

कातडी असेल तर काढाच, तिच्यातून ग्लेझ आत जात नाही आणि ती चिवटही होते. जाड टोकाकडून सुरी सरकवत सोलली की बऱ्यापैकी अख्खी निघते. चरबी मात्र पाव इंच ठेवा. मग त्या चरबीला तिरप्या चिरा, इंचभर अंतरावर, आधी एका दिशेने मग दुसऱ्या, पत्त्यातल्या चौकटसारखे आकार होतात. चीर चरबीपुरतीच, मांसात सुरी उतरली की तिथून रस निघून जातो. या चिरांमधून चरबी वितळून बाहेर येते आणि ग्लेझला बसायला जागा मिळते, त्यामुळे हे फक्त दिसण्यासाठी नाही. लवंगा चौकटींच्या मध्यात खोचतात, चवीला आहेतच पण तेज असतात, प्रत्येक चौकटीत खोचू नका, एक सोडून एक पुरे. वाढण्याआधी सगळ्या काढून टाका, दाताखाली अख्खी लवंग आली की पाहुण्याचा तो घास गेला. गोडआंबट ताईंच्या ग्लेझमध्ये पूड आहेच, त्यामुळे मी तर खोचणारच नाही.

गोडआंबट

बाळाचं मी सांगते. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि घरच्या ओव्हनच्या उष्णतेने ते मरत नाहीत त्यामुळे "शिजलाय ना आता" असं म्हणून चालत नाही. ताई, या वेळी मधाऐवजी मार्मालेड किंवा मेपल सिरप घ्या, म्हणजे कोणी चुकून चाटवलं तरी चिंता नाही. पण हॅम खुद्द फार खारट असतं, इतक्या लहान बाळाला तेही नको, त्याचं वेगळंच काहीतरी करा.

आणि अननसाच्या चकत्या लावणार असाल तर डब्यातल्या घ्या. ताज्या अननसात ब्रोमेलेन म्हणून एक एन्झाइम असतं ते मांस फोडतं, रात्रभर ताज्या चकत्या लावून ठेवल्या तर खालचा थर मऊ पिठूळ होतो. डब्यातला अननस भरताना गरम केलेला असतो म्हणून त्यात ते उरत नाही.

मंदआच

नेण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे, थंडच न्या आणि तिथे भाजा. घरी कातडी काढून, चिरा पाडून, घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, निघताना बर्फाच्या पिशव्यांबरोबर आइसबॉक्समध्ये. ग्लेझ बाटलीत वेगळं, तिथे दोन मिनिटं कोमट केलं की ओतता येतं. ५ ते ६० डिग्रीच्या मधल्या तापमानाला जंतू झपाट्याने वाढतात, शिजलेलं मांस त्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, बाहेर ३२ च्या वर असेल तर तासभरच. भाजून नेलं तर सव्वा तास गाडीत, मग सामान उतरवणं, मग सगळ्यांची वाट बघणं, दोन तास कधी उलटतात कळतही नाही. हॅमच्या बाबतीत खास काळजी यासाठी की स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू मिठाला दबत नाही, आणि त्याने एकदा विष सोडलं की नंतर गरम करून ते जात नाही.

फक्त जाऊबाईंना आधी विचारून घ्या की ओव्हन साडेतीन-चार तास तुम्हाला मोकळा मिळेल का, आणि तुमचा पॅन त्यात बसतो का. पॅनची लांबी-रुंदी मोजून कळवा त्यांना. यावरून ऐन वेळी फार गोंधळ होतो.

आणि भाजून झाल्यावर लगेच कापू नका. फॉइल सैलसर टाकून वीस मिनिटं तसंच, घट्ट गुंडाळलंत तर ग्लेझ वाफेने मऊ पडेल. बाहेर काढल्यावरही आतलं तापमान दोन-तीन डिग्री चढतं, म्हणून ५८ ला काढलं तरी ६० ला पोचतं, पण थर्मामीटरने खात्री करा.

सुरी_पाट

कापण्याचं राहिलं. हाडाला समांतर एक उभा छेद, हाडाच्या कडेकडेने, मग त्या बाजूचा अख्खा गोळा पाटावर घेऊन आडवे पातळ काप. हाडावरच ठेवून कापत बसलात तर जाडेभरडे तुकडे निघतात आणि तेच मांस निबर लागतं. मांसाचे धागे कुठल्या दिशेने धावतायत ते बघून त्यांना आडवं कापायचं. लांब पात्याची पातळ सुरी घ्या आणि आधी धार करून ठेवा.

पुढच्या वर्षी कोणी तुम्हाला स्पायरल कट घ्या म्हणेल, आधीच चकत्या पाडलेलं. वाढायला सोपं आहे पण प्रत्येक चकतीच्या फटीतून पाणी जातं, तुमच्यासारख्या कोरडेपणाने पोळलेल्या माणसाने ते टाळावं असं मला वाटतं. घेतलंच तर वेळ कमी लागतो, किलोला २२ ते ४० मिनिटांच्या दरम्यान, आणि आकड्यावर आणखी बारीक लक्ष.

चमचाभर

मंडळी परत आलेय, काल जेवण झालं, सांगितल्याशिवाय राहवेना.

तीन दिवस आधी खाली काढलं होतं. चकती होती!! हाडाच्या टोकावर, अगदी काचेसारखी, सुरी_पाट दादा तुम्ही लिहिलं नसतं तर मला दिसलीच नसती. आइसबॉक्समधून नेलं, जाऊबाईंचा ओव्हन सकाळपासून माझ्या ताब्यात होता. सव्वादोन तासांना ३९, पावणेतीनला ४७, तीन तासांना ५१. फॉइल काढलं, टिपलं, किती ओलं होतं ते, चार कागद भिजले. मार्मालेडचं ग्लेझ केलं मधाऐवजी. पहिला थर दहा मिनिटं, दुसरा आठ, कडा थोड्या गडद व्हायला लागल्या आणि मी लगेच काढलं, तेव्हा आकडा ५८ होता, वीस मिनिटांनी परत बघितला तर ६१.

काप केल्यावर आत तसंच गुलाबी. मोठे दीर शेजारीच उभे होते, मी काही बोलायच्या आत थर्मामीटर त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं भावजी तुम्हीच बघा. त्यांनी स्वतः दोन ठिकाणी खुपसून बघितलं आणि मग पहिला काप त्यांनीच घेतला. रसदार झालं होतं, कापताना पाटावर पाणी सुटत होतं. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं. मला रडूच येत होतं खरं तर.

एक उणीव राहिली, पॅनमधलं पाणी मी सॉस म्हणून तसंच वाढलं, ते फार खारट लागलं. आणि आता साधारण दीड किलो उरलंय आणि मोठं हाड, त्याचं काय करू? किती दिवस टिकेल?

गोडआंबट

वा ताई, वाचून खूप बरं वाटलं, भावजींच्या हातात थर्मामीटर दिलात हे तर सगळ्यात उत्तम केलंत. पॅनमधल्या पाण्याचा सॉस करायचा असेल तर आधी वरची चरबी चमच्याने काढायची, आणि ते पाणी अर्ध्याला अर्धा बिनमिठाचा स्टॉक किंवा संत्र्याचा रस घालून पातळ करायचं, तेव्हाच तोंडात घालता येतं. वॉटर ॲडेड हॅमचं पाणी तर नेहमीच जास्त खारट निघतं.

मंदआच

उरलेलं काल दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं असेल तरच ठेवा, आणि आजच हाडावरून सोडवून, उथळ डब्यांत भरून परत फ्रीजमध्ये टाका, मोठा गोळा तसाच ठेवला तर आतून गार व्हायला फार वेळ लागतो. फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस. फ्रीजरमध्ये महिना-दोन महिने चव नीट राहते, पुढे खराब होत नाही पण कोरडं आणि बेचव व्हायला लागतं. परत गरम कराल तेव्हा ७४.

हाड फेकू नका. त्याला चिकटलेलं मांस तसंच राहू द्या, मोठ्या पातेल्यात हाड बुडेल एवढं पाणी, एक कांदा, गाजर, तमालपत्र, मंद आचेवर दोन-अडीच तास. मग त्यात भिजवलेला पांढरा राजमा किंवा सुके वाटाणे घालून शिजेपर्यंत. राजमा घातलात तर घातल्यावर दहा मिनिटं खळखळून उकळू द्या आणि मगच आच कमी करा. मीठ अगदी शेवटी, चाखून, बहुतेक वेळा लागतच नाही. आज वेळ नसेल तर हाड पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, एखाद्या रविवारी काढा.